महिनोन्‌महिने कोरडा रस्ता, मग पहिली सर: निसरडं नेमकं काय होतं आणि किती वेळ राहतं?

स्कूटरवाली_आई (प्रश्न)

नमस्कार. रस्ता, टायर, ब्रेक यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

मी रोज स्कूटरवरून मुलीला शाळेत सोडते आणि तशीच पुढे कामावर जाते. गेले कित्येक आठवडे नुसतं रणरणतं ऊन होतं, पावसाचा टिपूस नाही. परवा सकाळी थोडा वेळ भुरभुर झाली. रेनकोट बाहेर काढावा की नको, एवढीच. रस्ता काळपट ओलसर झाला होता, पाणी कुठेच साचलेलं नव्हतं. सर्कलला वळताना मागचं चाक एकदम बाजूला सरकलं. गाडी पडली नाही, पाय टेकवून सावरली, पण मुलगी मागे होती. वेग पंचविसाच्या आसपास. ब्रेक धरलेला नव्हता. टायर नवेच म्हणायचे, हवा आदल्या दिवशी तपासलेली.

संध्याकाळी त्याच सर्कलवरून परत आले तेव्हा धो धो पाऊस, रस्त्यावरून पाणी वाहतंय, आणि गाडी मात्र नेहमीसारखी वळली. कमी पाण्यात घसरले आणि जास्त पाण्यात नाही, हे कसं?

सगळे एकच सांगतात: पहिल्या पावसात तेल वर येतं, अर्धा तास थांबायचं, मग काही होत नाही. हे अर्ध्या तासाचं खरं आहे का? आणि गॅरेजवाले म्हणाले, पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते. तेही बरोबर आहे का? मुलगी मागे असते, त्यामुळे मला ऐकीव सल्ला नको, कारण समजून घ्यायचं आहे.

लांबपल्ला

ताई, आधी मुलगी आणि तुम्ही सुखरूप आहात हे बरं झालं.

मी मालट्रक चालवतो. आमच्यात भुरभुरीला सगळ्यात जास्त जपतात, मुसळधारेला नाही. भुरभुर सुरू झाली की पुढच्या गाडीपासूनचं अंतर मी दुप्पट करतो आणि सिग्नलच्या खूप आधीच पाय काढतो. सिग्नलपाशी, टोलपाशी, बसथांब्यापाशी गाड्या उभ्या राहून राहून तेल ठिबकतं. लेनच्या मधोमध जो काळा पट्टा दिसतो ना, तो तोच. वळणावर डिझेलचा धोका वेगळा. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असली किंवा झाकण नीट बसलेलं नसलं की वळताना डिझेल बाहेर सांडतं. सर्कल म्हणजे दिवसभर वळणाऱ्या गाड्या, त्यामुळे तिथे ते हमखास असतं. वास आला तर समजायचं.

कारण काय ते जाणकार सांगतील. मी अनुभवाचं सांगितलं.

खडी_डांबर

मी रस्त्याच्या साहित्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. खडी तपासणं, डांबर तपासणं आणि तयार रस्त्याची पकड मोजणं हे माझं रोजचं काम. ताई, अर्ध्या तासाचं म्हणणं एक तृतीयांश खरं आहे. बाकीचं कुणी सांगत नाही आणि त्यापायी माणसं पडतात, म्हणून जरा लांबण लावतो.

लांब कोरड्या उन्हाळ्यात रस्त्यावर तीन निरनिराळ्या गोष्टी घडतात. एक वरून येऊन बसते, दुसरी खडीला होते आणि तिसरी खालून वर येते. पाऊस धुऊन नेतो ती फक्त पहिली.

पहिली म्हणजे राड. इंजिनचं ठिबकलेलं तेल, डिझेल, झिजलेल्या टायरचा रबराचा चुरा, ब्रेकची पूड, माती, परागकण, झाडांचा चिकट द्रव. कोरड्यात हे सगळं खडीच्या खाचांमध्ये दाबून बसतं आणि जाणवतही नाही, कारण कोरडी धूळ तेल शोषून घेते. भुरभुर आली की त्यात पाणी मिसळतं आणि लगदा होतो. नुसतं तेल पाण्यावर तरंगतं असं आपण समजतो. पण इथे बारीक धूळ आणि वरून धावणारी चाकं मिळून तेल आणि पाणी घुसळून काढतात. चाकोरीत पांढरट फेस दिसतो तो यातूनच. इंद्रधनुष्यी तवंग पाहून लोक घाबरतात, तो दिसला की सावध व्हावंच, पण तो थर फार पातळ असतो. त्याहून घातक तो मळकट, करडा, रंग नसलेला लगदा, ज्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

तुमचं सकाळ-संध्याकाळचं कोडं इथेच सुटतं. बाथरूमच्या फरशीवर साबण सांडलेला असताना चार थेंब पाणी पडलं तर पाय सटकतो, बादलीभर ओतलं तर फरशी मोकळी होते. सकाळच्या पावसात लगदा कालवण्यापुरतं पाणी होतं, वाहून नेण्यापुरतं नव्हतं. दिवसभरात आणि संध्याकाळच्या सरीत तो गटारात गेला.

म्हणूनच "अर्धा तास" हे घड्याळाचं माप मला पटत नाही. जोराची सर असेल तर अर्ध्या तासाच्या आतही रस्ता धुऊन निघेल. भुरभुर असेल तर दिवसभर तसाच राहील, आणि मध्ये ऊन पडून पुन्हा शिंतोडे आले तर पुन्हा पहिल्यापासून. घड्याळाऐवजी रस्त्याच्या कडेने वाहणारं पाणी बघा. आधी ते काळपट, फेसाळ, गढूळ असतं. ते निवळलं की वरची राड गेली. आणि कडेला पाणी वाहतच नसेल, रस्ता नुसता ओला असेल, तर काहीही धुतलं गेलेलं नाही असं धरून चाला.

आता दुसरी गोष्ट. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच, आणि हिच्याबद्दल बाहेर जवळजवळ कुणालाच माहीत नसतं.

रस्त्याच्या खडीवर बोट फिरवून पाहा. चांगली खडी बारीक पॉलिशपेपरसारखी खरखरीत लागते. तो खरखरीतपणा अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो, डोळ्यांना जेमतेम दिसतो. पण ओल्या रस्त्यावर पकड मुख्यतः तोच देतो, कारण त्याची टोकं पाण्याचा पातळ पापुद्रा फोडून रबरापर्यंत पोचतात. दोन खड्यांमधल्या ज्या मोठ्या खाचा असतात त्या पाणी वाट काढून देण्यासाठी. त्यांचं महत्त्व वेग वाढला की वाढतं. तुमच्या पंचवीसच्या वेगाला सगळा भार त्या बारीक खरखरीतपणावर.

आणि उन्हाळ्यात नेमका तोच घासून गुळगुळीत होतो. कोरड्यात रस्त्यावर पिठासारखी बारीक धूळ असते, टायर ती दिवसरात्र खडीवर रगडत असतो. प्रयोगशाळेत खडी किती टिकेल हे आम्ही असंच तपासतो. खडीचे तुकडे वक्र साच्यात बसवून ते एका चाकाच्या कडेवर लावायचे आणि त्यावर रबरी टायर दाबून फिरवायचा. पहिले ३ तास पाण्याबरोबर जाडसर एमरी, म्हणजे घासायची कठीण दगडी पूड, सोडायची, पुढचे ३ तास एमरीचं पीठ. जाडसर एमरी खडीला ओरखडते. पीठ तिला चकचकीत करतं. सहा तासांनी नमुना हातात घेतला की खरखर गेलेली अंगठ्यालाच कळते, मोजायच्या आधी. कोरडा उन्हाळा म्हणजे ते शेवटचे तीन तास, महिनोन्‌महिने चाललेले.

यात खडीच्या जातीचा मोठा वाटा असतो. चुनखडी लवकर गुळगुळीत होते. ज्या दगडात कठीण आणि मऊ खनिजं मिसळलेली असतात, जसा चांगला वालुकाश्म, त्यातली मऊ कणी आधी झिजते, कठीण कणी वर राहते, म्हणून खरखर टिकते.

गुळगुळीत झालेली खडी एका सरीने पूर्ववत होत नाही. पावसाळी दिवसांत वरचं पीठ धुऊन जातं, जाडसर वाळू येते, पाण्याने आणि हवेने दगडाचा पृष्ठभाग हळूहळू खवला जातो, आणि पकड परत चढते. याला आठवडे लागतात. ब्रिटनमध्ये तर हा ऋतूंचा फेरा धरूनच रस्त्यांची पकड मोजतात. मोजणी मे ते सप्टेंबरमध्ये करायची, कारण पकड तेव्हा सर्वांत कमी असते आणि वाईटातली वाईट स्थिती हाती लागते.

म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला, राड पूर्ण धुऊन गेल्यावरही, तोच रस्ता ऋतूच्या शेवटी असेल त्यापेक्षा निसरडाच असतो. "अर्धा तास झाला, आता बिनधास्त" हे म्हणूनच चूक.

तिसरी गोष्ट डांबराची. साधं डांबर ४५ ते ५५ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि भर उन्हात रस्त्याचा पृष्ठभाग ६० च्याही वर जातो. मिश्रणात डांबर जास्त पडलं असेल किंवा आत हवेला पुरेशी जागा उरली नसेल, तर तापून फुगलेल्या डांबराला जायला वाटच राहत नाही, ते वर येतं. चाकोरीत काळे चकचकीत पट्टे दिसतात ते हेच. तिथे खडी डांबराखाली बुडालेली असते, बारीक खरखर झाकली जाते आणि मोठ्या खाचाही भरतात. थंडीत हे डांबर परत खाली उतरत नाही, त्यामुळे दर उन्हाळ्याला त्यात भरच पडते. पाऊस कितीही पडो, तो पट्टा तसाच राहतो.

आता हवेचं. हवा कमी करू नका. पाण्यावर गाडी तरंगण्याचे दोन प्रकार आहेत आणि लोक दोन्ही एकच समजतात. एक, पाणी जास्त आणि वेग जास्त. यासाठी विमानांच्या चाकांवरच्या नासाच्या प्रयोगांतून निघालेलं जुनं सूत्र आहे. वेग ताशी मैलांत आणि दाब पीएसआयमध्ये (हवा भरताना सांगतात तो आकडा) धरला, तर तरंगण्याचा वेग म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या सुमारे १०.३५ पट. मोटारीच्या टायरमध्ये ३० पीएसआय असेल तर ताशी ९१ किलोमीटरच्या आसपास, २५ असेल तर ८३. हे खोबण्या झिजलेल्या टायरचं आणि भरपूर पाण्याचं गणित आहे. दुचाकीचा टायर गोलसर असल्याने तो पाणी अधिक सहज कापतो. पण दिशा स्पष्ट आहे: हवा कमी केली की तरंगण्याचा वेग खाली येतो. तुमचा प्रकार दुसरा होता. पातळ, चिकट पापुद्रा आणि त्याखाली गुळगुळीत खडी. हा अगदी कमी वेगातही होतो आणि त्यावर हवेचा दाब हा उपायच नाही. कंपनीने सांगितलेली हवा ठेवा.

एक अभ्यासही सांगतो, कारण हा नुसता आमच्या धंद्यातला समज नाही. डॅनियल आयझेनबर्ग यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या ४८ राज्यांच्या १९७५ ते २००० या काळातल्या अपघातांची आणि पावसाची सांगड घातली. शेवटच्या पावसाला दोन दिवस झाले असतील तर १ सेंटिमीटर पावसाने जीवघेणे अपघात सुमारे ३ टक्क्यांनी वाढतात, आणि २० हून जास्त दिवस कोरडे गेले असतील तर सुमारे ९ टक्क्यांनी. पाऊस तेवढाच, फरक फक्त आधीच्या कोरड्या दिवसांचा. यात माणसाच्या सवयीचाही भाग असणार, कोरड्यात चालवायची सवय झालेली असते. पण रस्ता बदललेला असतो हेही तितकंच खरं.

दुचाकी_प्रशिक्षक

खडी_डांबर यांनी फार छान सांगितलं. मी दुचाकी शिकवतो, तुमच्या वळणाचं गणित मांडतो, म्हणजे काय करायचं ते आकड्यांत दिसेल.

सर्कलची त्रिज्या १५ मीटर धरू. ताशी २५ ने वळायला घर्षणाचा गुणांक (पकडीचं माप, आकडा मोठा तेवढी पकड जास्त) साधारण ०.३३ लागतो आणि गाडी सुमारे १८ अंश कलते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ०.७ किंवा त्याहून जास्त मिळतो. धुतलेल्या ओल्या रस्त्यावर ०.५ च्या आसपास. म्हणजे सकाळच्या लगद्यात तो ०.३ पर्यंत उतरला असेल तर तुमचं वळण त्या रेषेच्या किंचित पलीकडे होतं, आणि संध्याकाळी बरंच अलीकडे. तुम्ही बेफाम चालवत नव्हता. कोरड्यात याच वेगाला निम्मी पकडही खर्च होत नाही.

आता हाच वेग १८ करा. लागणारी पकड ०.१७, जवळपास निम्मी. वेग वर्गाने मोजला जातो, त्यामुळे थोडाच कमी केला तरी फायदा खूप होतो. पहिल्या पावसात मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो: वळणात शिरायच्या आधी, गाडी सरळ उभी असताना, वेग उतरवून घ्या. वळणात ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर एकदम सोडायचाही नाही आणि एकदम पिळायचाही नाही. टायरकडे पकडीचा एकच साठा असतो, त्यातूनच वळायचं, त्यातूनच थांबायचं. स्कूटरचा ॲक्सिलरेटर झटकन सोडला की इंजिन मागच्या चाकाला अडवतं, तुमचा हात ब्रेकवर नसला तरी.

थांबण्याचं अंतर: ताशी ४० वरून, प्रतिसादाचा वेळ सोडून, ०.७ ला सुमारे ९ मीटर, ०.३ ला सुमारे २१. ब्रेक धरायचं ठरवण्यात एक सेकंद गेला तर त्यात आणखी ११ मीटर मिळवा.

लांबपल्ला यांनी सांगितलेला मधला काळा पट्टा टाळायचा, पुढच्या मोटारीच्या चाकोरीत चालायचं. मात्र मुसळधारेत चाकोरीत पाणी साचलेलं दिसलं तर तिथून बाहेर यायचं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, बाणांच्या खुणा, मॅनहोलची झाकणं, पुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्या आणि भेगा बुजवलेल्या डांबराच्या रेघा यांवरून जाताना गाडी उभी ठेवा, कललेली नको.

मुलीला एक सांगून ठेवा: वळताना तुम्हाला धरून, तुमच्याबरोबर कलायचं. गाडी सरकली तर ती घाबरून उलट्या बाजूला झुकू नये.

नवा_टायर

एबीएस असेल तर एवढं काळजीचं कारण नाही ना? आणि आमच्याकडचा रस्ता याच उन्हाळ्यात नवा कोरा झालाय, त्यामुळे तिथे तरी हा त्रास नसावा.

खडी_डांबर

दोन्ही बाबतींत सावध करतो.

एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे गाडी हातात राहते. ते जरूर असावं. पण ०.३ पकडीचे ०.५ करणं त्याच्या हातात नाही. अंतर लागायचं तेवढं लागणारच. शिवाय ताईंचं चाक ब्रेक न लावता बाजूला सरकलं, तिथे साध्या एबीएसचा संबंधच येत नाही.

नव्या रस्त्याबद्दल तर लोकांचा समज अगदी उलटा आहे. नुकत्याच केलेल्या डांबरी रस्त्यावर प्रत्येक खडीवर डांबराचा पातळ थर चढलेला असतो. खडीची खरखर त्याखाली झाकलेली असते. वाहनांनी तो थर घासून काढला की मगच खडी उघडी पडते, आणि त्याला वाहतुकीप्रमाणे काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून पावसाच्या तोंडावर झालेला रस्ता दिसायला देखणा, खड्डे नाहीत, आणि ओला झाला की निसरडा. नव्या रस्त्यावर खड्डे नाहीत म्हणून वेगही वाढतो, हे आणखी वाईट.

टायरचंही सांगतो, नाव तुमचं तेच आहे म्हणून. दुकानातून आज घेतलेला टायर आजचाच असतो असं नाही. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: ३२२१ असेल तर २०२१ सालचा ३२वा आठवडा. रबर वयाने आणि उन्हाने कडक होतं. खोबण्या भरपूर खोल असूनही पकड कमी, असं होतं ते यामुळे. खोबण्या पाणी बाहेर काढतात. पातळ लगद्यावर रबर किती मऊ आहे आणि खडी किती खरखरीत आहे हेच चालतं. आणि कोऱ्या टायरवर साच्यातून येताना गुळगुळीत साय असते, ती कोरड्यात बेताने चालवून घासली गेली पाहिजे. पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशी टायर बदलू नका, आधी बदला.

निवृत्त_लोकोपायलट

विषय रस्त्याचा आहे, पण वाचताना राहवलं नाही. रुळांवरही तंतोतंत हेच घडतं.

आमच्या इंजिनाची चाकं लोखंडाची आणि रूळही लोखंडाचे. कोरड्या रुळावर पकडीचा गुणांक ०.२५-०.३ किंवा थोडा वर, म्हणजे तुमच्या लगद्याच्या रस्त्याएवढाच आमचा चांगला दिवस. मुसळधार पावसाने आम्हाला फार त्रास दिला नाही, रूळ धुऊन निघायचा. त्रास दव पडलेल्या पहाटेचा आणि नुसत्या शिंतोड्यांचा. रुळावरच्या बारीक गंजात थोडंसंच पाणी मिसळलं की लेप तयार होतो आणि पकड ०.१ च्याही खाली जाते. त्यात झाडाची पानं चाकाखाली भरडली गेली तर विचारूच नका.

अशा वेळी चढावर चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागतात. मग नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीची पायरी, कमी करायचा, चाकापुढे वाळू सोडायची आणि हळूहळू ताकद परत वाढवायची. थांबवताना ब्रेक लांबून आणि हलका. स्टेशन नेहमीच्या जागी असलं तरी ब्रेक नेहमीच्या जागी लावायचा नाही, हे नव्या सहायकांना मी घोकून घ्यायला लावायचो.

ताई, तुमच्या सर्कललाही तोच नियम. पावसाची शंका आली की ब्रेकची जागा मागे आणा.

स्कूटरवाली_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्यांदाच कुणीतरी "जपून चालवा" याच्या पुढे जाऊन सांगितलं.

आज कोरड्यात त्या सर्कलपाशी थांबून नीट पाहिलं. मी जिथून वळते तिथे बाहेरच्या चाकोरीत हातभर रुंद काळा पट्टा आहे, आरशासारखा नाही पण चकाकतो. बाकी रस्ता करडा दिसतो. हे तुम्ही सांगितलेलं वर आलेलं डांबर का? की सांडलेलं तेल? आणि असलं तर तक्रारीत नेमकं काय लिहू? मागे एकदा एका ठिकाणी रस्ता निसरडा असल्याचं कळवलं होतं, तर त्यांनी येऊन वाळू पसरली आणि गेले.

खडी_डांबर

थांबून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. ओळखायची खूण सांगतो. वाहतूक नसताना, सुरक्षित असेल तरच, दुपारच्या उन्हात पट्ट्यावर बोट दाबा. तेल असेल तर बोटाला काळं लागतं, वास येतो, आणि डागाची कड वेडीवाकडी, ठिबकल्यासारखी असते. वर आलेलं डांबर असेल तर उन्हात जरा चिकट, मऊ लागतं, पट्टा चाकोरीच्या रेषेत सलग जातो, आणि खडीची टोकं वेगळी दिसत नाहीत. चाकाची नक्षी उमटलेली दिसली तर शंकाच नको. तिसरी शक्यता, खडीची टोकं स्पष्ट दिसतात पण प्रत्येक टोक गोटीसारखं गुळगुळीत आहे आणि अंगठ्याला खरखर लागत नाही. मग तो झिजलेल्या खडीचा प्रकार. तुमच्या वर्णनावरून मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची दाट शंका आहे.

वाळू पसरणं हा सांडलेल्या तेलावरचा तात्पुरता उपाय आहे. अग्निशमनवाले वाळू किंवा भुसा टाकतात तो तेल शोषून घ्यायला, आणि नंतर तो झाडून उचलावा लागतो. तसाच ठेवला तर सुटी वाळू दुचाकीला स्वतःच घसरवते. वर आलेल्या डांबरावर थंड रस्त्यावर नुसती वाळू फेकून काही होत नाही, दोन दिवसांत उडून कडेला जाते. तिथे डांबर तापून मऊ असताना कच पसरून रोलरने दाबावी लागते, किंवा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने वरचं जादा डांबर काढावं लागतं. फारच असेल तर तो थर खरवडून नवा टाकावा लागतो.

तक्रारीत "रस्ता निसरडा आहे" एवढंच लिहू नका. जागा नेमकी लिहा: कुठल्या बाजूने येताना, कितवी लेन, आतली चाकोरी की बाहेरची. फोटो सूर्य समोर असताना, खाली वाकून, तिरक्या कोनातून काढा. वरून काढलेल्या फोटोत चकाकी दिसतच नाही. शेजारच्या करड्या भागाचा फोटो त्याच कोनातून जोडा. आणि दोन चाचण्यांची मागणी नावानिशी करा.

एक, वाळूची चाचणी. मोजलेली बारीक वाळू रस्त्यावर ओतून चकतीने गोल पसरायची, वर्तुळाचा व्यास मोजायचा. खाचा खोल असतील तर वाळू आत जिरते आणि वर्तुळ लहान राहतं. डांबराने खाचा भरल्या असतील तर तीच वाळू लांबपर्यंत पसरते. करड्या भागावर आणि काळ्या पट्ट्यावर दोन्हीकडे केली की दोन वर्तुळांचा फरक कुणालाही नुसत्या नजरेने कळतो.

दोन, पेंड्युलम टेस्टर. रस्ता ओला करायचा, ७६ मिलिमीटर रुंदीचा रबरी तुकडा लावलेला दांडा झुलवून सोडायचा, तो रस्त्याला सुमारे १२६ मिलिमीटर घासत जातो आणि पलीकडे किती वर चढला त्यावरून आकडा मिळतो. कमी चढला तर पकड जास्त. रस्ता तापलेला असेल तर रबर नरम पडून आकडा बदलतो, म्हणून २० अंशांना जुळवून घ्यायचा असतो. तापमान न लिहिलेला अहवाल स्वीकारू नका. ब्रिटिश पद्धतीत सर्कल, तीव्र वळणं आणि उतार यांसाठी जुन्या काळापासून ६५ हा आकडा सुचवलेला आहे, वर्दळीच्या मोठ्या रस्त्यांना ५५, बाकीच्यांना ४५. उत्तरात कुणी "५० आला, ठीक आहे" म्हणालं तर विचारा, हे सर्कल आहे ना?

मोजणी काळ्या पट्ट्यातच झाली पाहिजे. यंत्र लावायला सोपं म्हणून पुष्कळदा ते कडेला, जिथे चाकं जातच नाहीत, तिथे लावलं जातं, आणि तिथली खडी अजून कोरीच असते.